निरुपयोगी जाळ्याची थोरवी

मनोरीत कोण कोणाचं कोण लागतं, हे मनोरीला ठाऊक आहे. कुठल्या घरातली मुलगी उत्तनला दिली, कुठल्या दोन भावांनी मिळून होडी घेतली, कुठल्या दोन घरांत कुंपणावरून बोलणं बंद झालं आणि कोणाच्या लग्नात ते पुन्हा सुरू झालं, हे गाव तोंडपाठ सांगतं. त्यासाठी गावाला संगणक लागत नाही. तेव्हा अशा गावातल्या नात्यांचं चित्र संगणकावर काढायला बसणारा, तेही तयार साधनं बाजूला ठेवून स्वतः ओळीमागून ओळ प्रोग्रॅम लिहिणारा माणूस खुळा म्हणवला जाणार. ते रास्तच आहे.

रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं मोजली. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. या दोन्ही याद्यांत आपला माणूस सापडायचा नाही, कारण त्याचं खूळ नवं आहे. जे सगळ्यांना माहीत आहे ते तो विचारत फिरतो, जे कधी पुरं होणार नाही ते काढायला घेतो, आणि काढून झाल्यावर त्यातून कवडीही मिळवत नाही. मला हे खूळ थोर वाटतं. ते का थोर, हे सांगण्यासाठी हा लेख आहे आणि त्यातला शब्दन् शब्द मनापासून लिहिला आहे.

माझं आजोळ मनोरीचं. मालाडहून मार्व्याला यायचं, जेट्टीवर तिकीट काढायचं, बोटीत दुचाक्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि खाडी ओलांडायची. काही मिनिटांत मनोरी. हीच खाडी टाळून रस्त्याने जायचं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा उत्तरेला लांब वळसा घालून पुन्हा दक्षिणेला उतरावं लागतं. नकाशावर मार्वे आणि मनोरी समोरासमोर आहेत, पण बोट बंद असेल त्या दिवशी दोघांमध्ये कित्येक गावं येऊन उभी राहतात. नात्यांच्या चित्राचा, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांच्या जाळ्याचा, पहिला धडा मला या बोटीने दिला. जाळ्यातलं अंतर फुटपट्टीने मोजत नाहीत. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला किती रेघा ओलांडाव्या लागतात, यावरून ते ठरतं. मार्वे आणि मनोरी यांच्यामध्ये एकच रेघ आहे. ती पुसली की अंतर बदलतं, खाडी मात्र तेवढीच राहते.

माणसांच्या बाबतीतही तेच. शेजारच्या भिंतीपलीकडचं घर कधी तीन रेघा दूर असतं आणि वसईला राहणारी मावशी एका रेघेवर. हे घरोघरी माहीत आहे. तरीही ते कागदावर काढून पाहावं असं एखाद्याला वाटतं, तिथून खूळ सुरू होतं.

या खुळ्यांचा मूळपुरुष म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो. 1932 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या सुधारशाळेतून दोन आठवड्यांत 14 मुली पळून गेल्या. एकेकीच्या स्वभावात कारण शोधणं हा सरळ मार्ग होता. मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी मुलींना वेगळंच विचारलं: तुला कोणाबरोबर राहायला आवडेल? प्रत्येक मुलीसाठी एक ठिपका, प्रत्येक निवडीसाठी एक रेघ, असं चित्र त्यांनी हाताने काढलं. पळून गेलेल्या मुली त्या चित्रात विखुरलेल्या नव्हत्या, रेघांनी एकमेकींशी जोडलेल्या होत्या. पळण्याचा विचार त्या रेघांवरून एकीकडून दुसरीकडे सरकत गेला, असं मोरेनोंनी मांडलं. एप्रिल 1933 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या चित्रांची बातमी छापली आणि 1934 मध्ये मोरेनोंचं पुस्तक आलं. आपली मैत्रीण कोण, हे त्या शाळेतल्या प्रत्येक मुलीला आधीच ठाऊक होतं. पण सगळ्या रेघा एकदम कोणा एकीला दिसत नव्हत्या. प्रत्येकीजवळ आपापल्या अंगणापुरतं जाळं होतं.

इथे खुळ्याची बाजू बळकट झाल्यासारखी वाटते. पण मी त्याची स्तुती करायला बसलो आहे, म्हणून त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावाही सांगितला पाहिजे. एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर, मॅथ्यू जॅक्सन आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी या अर्थशास्त्रज्ञांनी कर्नाटकातल्या 75 गावांची जाळी काढली. प्रश्न साधे होते. रॉकेल किंवा तांदूळ कमी पडले तर कोणाकडे मागता? पैसे उसने कोणाकडून घेता? दुखलं-खुपलं तर सल्ला कोणाचा? देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये कोणाबरोबर जाता? अशा बारा तऱ्हांच्या संबंधांतून गावं उभी केली. छोट्या कर्जाची बातमी गावात कशी पसरते, यावरचा त्यांचा निबंध 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये आला: बातमी पहिल्यांदा ज्यांच्या कानावर घातली ते जाळ्याच्या मध्याशी असले तर कर्ज घेणारे जास्त निघाले. पुढे त्यांनी आणखी सोपं विचारलं. गावात एखादी गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचवायची असेल, तर ती कोणाच्या कानात सांगाल? लोकांनी जी नावं घेतली, ती जाळ्याच्या मध्याशीच बसलेल्या माणसांची निघाली. म्हणजे महिनोन् महिने सर्वेक्षण करून, गणित मांडून जे केंद्र सापडतं, ते वलांडीवर बोंबील वाळत घालणारी बाई मान वर न करता सांगते.

म्हणून उपयोगाच्या बाजूने या खुळ्याची वकिली करण्यात अर्थ नाही. गावाला केंद्र ठाऊक आहे. गावाला दुरावे ठाऊक आहेत. खुळ्याचं मोल शोधायचं तर ते वेगळीकडे, त्याच्या कामाच्या पद्धतीत शोधावं लागतं.

ही पद्धत अशी. 2001 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांचे दोन विद्यार्थी, केसी रीस आणि बेन फ्राय, यांनी 'प्रोसेसिंग' नावाचं साधन बनवायला घेतलं. चित्र काढणाऱ्या माणसाला प्रोग्रॅम लिहिता यावा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चित्र काढता यावं, एवढीच इच्छा. त्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमला त्यांनी 'स्केच' हे नाव दिलं. 2013 मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी हीच कल्पना ब्राउझरमध्ये आणायला घेतली, तिचं नाव 'पी-फाइव्ह-जेएस'. दोन्ही फुकट आहेत. स्केचचे दोन भाग असतात. 'सेटअप' एकदाच चालतो, घर मांडल्यासारखा. 'ड्रॉ' पुन्हा पुन्हा चालतो, साधारण सेकंदाला 60 वेळा, श्वासासारखा.

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी मोजून ठेवतात आणि मग रेघा जोडतात. नात्यांच्या चित्रात रेघा आधीच ठरलेल्या असतात, ठिपक्यांची जागा ठरायची असते. ती कशी ठरवावी? 1984 मध्ये पीटर ईड्स यांनी सुचवलं की प्रत्येक ठिपका म्हणजे पोलादी कडी समजा आणि प्रत्येक रेघ म्हणजे स्प्रिंग. सगळं एकदा सोडून द्या, ते आपोआप ओढाताण करत एका जागी बसेल. 1991 मध्ये फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी याला आणखी नेटकं रूप दिलं. त्यांच्या रीतीत प्रत्येक दोन ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघेने जोडलेले ठिपके एकमेकांना ओढतात, आणि हालचालीचं 'तापमान' हळूहळू उतरवत नेलं की सगळे आपापल्या जागी स्थिरावतात.

खुळा हे सगळं स्वतः लिहितो. तयार प्रणाली आहेत; 'गेफी'मध्ये तक्ता घातला की चित्र बाहेर येतं. तरी तो लिहितो. 300 माणसांचं गाव धरलं तर जोड्या होतात 44,850. प्रत्येक जोडीमधलं ढकलणं सेकंदाला 60 वेळा मोजायचं म्हणजे सेकंदाला 26,91,000 वेळा 'या दोघांमध्ये किती अंतर असावं' हा प्रश्न सोडवायचा. हे काम करणारा प्रोग्रॅम पानभराचा असतो. पी-फाइव्ह-जेएसची भाषा जावास्क्रिप्ट; ती चलांची नावं देवनागरीत ठेवू देते, म्हणून खुळा ओढणाऱ्या बळाला 'ओढ' म्हणतो आणि ढकलणाऱ्या बळाला 'दुरावा'. मग त्याच्या लक्षात येतं की दुरावा शून्य केला तर सगळं गाव एका ठिपक्यावर येऊन गोळा होतं आणि कोणीच ओळखू येत नाही. ओढ शून्य केली तर सगळे पडद्याबाहेर निघून जातात. गाव दिसायला दोन्ही लागतात. हे त्याला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण आकडा थोडा वाढवून, थोडा कमी करून, रात्री दोन वाजता गावाला पसरताना आणि आवळताना पाहिल्यावर ते ज्या तऱ्हेने कळतं, त्या तऱ्हेने आधी कळलेलं नव्हतं.

ठिपक्यांजवळ नावं लिहायला घेतली की आणखी एक धडा मिळतो. 'स्त्री' हा शब्द आपल्याला एकच अक्षर वाटतो. संगणकाच्या लेखी त्यात सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ती सुटी सुटी मांडली तर पडद्यावर हाडं पडतात, अक्षर उभं राहत नाही. कोण कोणाला जोडून आहे, हे अक्षरांनाही सांगावं लागतं.

आणि मग नाती. इथे मराठी माणसाने हे काम आपल्या भाषेत करावं, असं मी आग्रहाने सांगेन. समाजमाध्यमांनी जगभर एक रेघ चालवली, तिचं नाव 'फ्रेंड'. तिला दिशा नाही. दुसरी रेघ 'फॉलो', तिला दिशा आहे. एवढ्यात त्यांचं भागतं. आपल्याकडे मात्र रेघांचं अख्खं भांडार आहे. व्याही हा व्याह्याचा व्याही असतो, साडू साडूचा साडू, जाऊ जावेची जाऊ. या बिनदिशेच्या रेघा, दोन्ही टोकांना एकच शब्द. मामा-भाचा, नणंद-भावजय, दीर-वहिनी या दिशा असलेल्या रेघा. कुठल्या टोकाला उभे आहात यावर शब्द बदलतो. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ हे चारही इंग्रजीत 'कझिन' होतात, पण आपल्या शब्दांत ती रेघ कोणत्या घरातून वळून आली ते सांगितलेलं असतं. आणि मराठीत 'अबोला' हेही एक नाम आहे. दोन माणसांमध्ये बोलणं नसणं यालाही आपण नातं समजतो आणि त्याला नाव देतो. चित्र काढणाऱ्याला हा शब्द फार मोठी मदत करतो. जिथे रेघ कधी नव्हतीच ती कोरी जागा वेगळी, आणि जिथे रेघ होती पण आता अबोला आहे ती जागा वेगळी. दुसऱ्या जागेत अजून ताण आहे.

या भांडाराचा अभ्यास इरावती कर्वे यांनी केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात देशभरातल्या आप्तसंबंधांची रचना भाषावार मांडली आहे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामाच्या मुलीशी लग्न पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोन रीतींच्या मध्ये. चित्र काढायला बसल्यावर या वाक्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. वंशवृक्षात फांद्या फुटतात पण पुन्हा जुळत नाहीत; गणितातही झाडाची व्याख्या हीच, त्यात कुठे वेटोळं नसतं. आतेभावाचं मामेबहिणीशी लग्न झालं की दोन फांद्या एकमेकींना भेटतात. त्या क्षणी झाड संपतं आणि जाळं सुरू होतं.

आपल्याकडे कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे. एकेका घराण्याने पिढ्यान् पिढ्यांची नावं गोळा करून जाडजूड ग्रंथ छापले. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नावांच्या वह्या आहेत. ही सगळी मोलाची कामं आहेत आणि ती करणाऱ्यांनाही त्यांच्या काळी कोणीतरी खुळे म्हटलं असेल. पण त्यांची बैठक झाडाची. झाडावर बाई फांदीच्या टोकाशी थांबते: 'सासरी गेली' असं लिहून ओळ संपते. तीच माहिती जाळं म्हणून मांडली तर ती बाई टोकाला उरत नाही. गोराईहून मनोरीला आलेली सून दोन गावांमधला दुवा होऊन मध्यावर येते. वर ज्यांचं नाव घेतलं त्या अभिजित बॅनर्जी यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. झाडावर बॅनर्जी बंगालचे; जाळ्यात त्यांची एक रेघ मराठी घराकडे येते.

मनोरीत तर रक्त आणि लग्न यांच्यापलीकडची आणखी एक रेघ आहे. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा चर्चच्या नोंदवहीत आईवडिलांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावं लिहिली जातात. हे नातलग निवडलेले असतात. कोणाला निवडलं यावरून त्या वर्षी ते घर कोणाच्या जवळ होतं हे कळतं. आणि लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला विहिरीवर कोण कोण गेलं, वाजंत्रीच्या मागे कोण चाललं, ही तर चालती-बोलती रेघ. तिची नोंद कुठेच होत नाही.

इतक्या रेघा एकदम काढल्या की पडद्यावर काय उभं राहतं? या क्षेत्रातले इंग्रजी बोलणारे त्याला केसांचा गोळा म्हणतात. आपल्याकडे नेमका शब्द पूर्वीपासून आहे: गुंतवळ. फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळून टाकतात, ती गुंतवळ. हे काम शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात गुंतवळच काढतो. त्यातून बाहेर कसं यायचं, हे मनोरीच्या किनाऱ्यावर शिकता येतं. बोंबील पकडणारं डोल जाळं तोंडाशी मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या छिद्रांचं, असतं आणि मागच्या टोकाला, खोल्याकडे, जाताना आस बारीक बारीक होत जातो. सगळीकडे बारीक आस ठेवला तर पाणी आत शिरणारच नाही. चित्राचंही तसंच. आधी मोठ्या आसाने बघावं: घरं, होड्या, वाड्या. मग एका जागी थांबून बारीक आसाने बघावं: माणसं, नावं, वर्षं. सगळं एकाच वेळी दाखवण्याचा मोह आवरला की गुंतवळ सुटू लागते.

डोल जाळं आणखीही एक गोष्ट सांगतं. ते समुद्रात रोवून ठेवलेलं असतं, मासळीमागे धावत नाही. भरती-ओहोटीचा जोर त्यातून वाहतो तेव्हाच त्याला आकार येतो. किनाऱ्यावर वाळत घातलेलं जाळं बघून ते पाण्यात कसं फुगत असेल, याची कल्पना येत नाही. कागदावर छापलेलं नात्यांचं चित्र हे वाळत घातलेलं जाळं. प्रोग्रॅम लिहून काढलेल्या चित्रात वर्षं वाहू देता येतात. 1990 चं गाव, 2000 चं गाव, रेघा उगवतात, ताणतात, विरतात. चित्र हलतं ठेवण्याचा हट्ट म्हणूनच योग्य आहे.

आता शहाण्या वापराबद्दल. डिसेंबर 2010 मध्ये फेसबुकमध्ये उमेदवारी करणाऱ्या पॉल बटलर यांनी सुमारे एक कोटी मित्रजोड्यांचा नमुना घेऊन त्यांच्या शहरांमध्ये रेघा काढल्या. निळ्या अंधारात जगाचा नकाशा आपोआप उमटला. देशांच्या सीमा त्यांनी काढल्याच नव्हत्या. सुंदर चित्र होतं. पण त्याच रेघांचा दुसरा उपयोग 2018 मध्ये जगासमोर आला. सुमारे 2,70,000 लोकांनी एक प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप घेतलं आणि त्यांच्या मित्रांच्या रेघांवरून चालत केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीकडे 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेल्याचं फेसबुकने मान्य केलं. ज्यांनी कशालाच होकार दिला नव्हता, त्यांच्यापर्यंत त्यांचे स्नेहीच वाट ठरले. जाळ्याचा फायदा काढायचा म्हटला की तो असाही निघतो. म्हणून या कामात फायदा न दिसणं ही मला उणीव वाटत नाही, ती राखण वाटते.

खुळ्यालाही नियम लागतात, आणि छोट्या गावात अधिक कडक. मोठ्या शहराच्या जाळ्यातून नावं पुसली की माणूस लपतो. मनोरीएवढ्या गावात नाव पुसलं तरी ठिपका ओळखू येतो: तीन होड्यांशी जोडलेला, उत्तनला दोन रेघा असलेला, एका घराशी अबोला असलेला माणूस एकच असतो. म्हणून ज्याचा ठिपका, त्याला आधी विचारायचं. अबोल्याची रेघ कोणाच्या सांगण्यावरून काढायची नाही. आणि चित्र आधी गावात दाखवायचं, बाहेर नंतर, गाव हो म्हणालं तरच.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. आमच्या घरी आईबाबांच्या लग्नातली आहेराची वही आहे. लाल पुठ्ठा, आत शाईने आखलेले रकाने: नाव, गाव, काय दिलं. दोनशेच्या वर नावं. मनोरी, गोराई, उत्तन, मढ, वर्सोवा. कोणी अकरा रुपये, कोणी एकवीस, कोणी स्टीलचा डबा. आहेराची वही म्हणजे मराठी घरातलं सगळ्यात शिस्तशीर जाळं आहे. तिच्यात दिशा आहे, वजन आहे, तारीख आहे, आणि परतफेडीचा धर्म आहे; पुढच्या लग्नाला जाताना हीच वही उघडली जाते.

मी त्या वहीचं स्केच केलं. मध्ये दोन ठिपके, आई आणि बाबा, आणि भोवती दोनशे. आहेराच्या रकमेवरून रेघेची जाडी ठेवली. ठिपके थरथरत आपापल्या जागी बसले, गावागावांचे झुबके झाले, आणि मी लॅपटॉप आईसमोर ठेवला. तिने थोडा वेळ पाहिलं आणि एका बारीक रेघेवर बोट ठेवलं. "हे दोन रुपये कोणी दिले माहीत आहे? त्यांच्या घरी तेव्हा चूल पेटत नव्हती." मग तिने सगळा पडदा शोधला. "आणि वाटण वाटायला आलेल्या बायका कुठायत? चार दिवस पाट्यावर बसल्या होत्या. त्यांचं नाव नाही लिहिलं कोणी?"

त्यांचं नाव वहीत नव्हतं. त्यांनी काही दिलं नव्हतं म्हणून. मी कागद घेतला आणि आई सांगत गेली. कोण कोणाबरोबर आली, कोण रात्री राहिली, कोणी हळद आणली, कोणाची मुलगी झोळीत होती. दोन तास ती बोलत होती. त्यातलं बहुतेक मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि यापूर्वी मी कधी विचारलं नव्हतं म्हणून ते ऐकलं नव्हतं असंही नाही. नुसतं 'तुझ्या लग्नाचं सांग' म्हटलं की ती 'काय सांगू' म्हणायची. समोर चुकीचं चित्र ठेवल्यावर तिला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवेना.

खुळाची थोरवी मला इथे सापडली. नात्यांचं चित्र बरोबर येण्यासाठी काढायचं नसतं. ते नक्कीच चुकणार, आणि ते ज्यांचं आहे त्यांच्यासमोर चुकणार. मग ती माणसं पुढे सरकतात, पडद्याला बोट लावतात आणि म्हणतात, असं नव्हतं. गावाला सगळं ठाऊक असतं हे खरं, पण ठाऊक असलेलं बोललं जातंच असं नाही. ते बोलतं करायला कोणीतरी समोर बसून मनापासून चुकावं लागतं. हे काम शहाणा माणूस करणार नाही, कारण चुकण्यासाठी इतके कष्ट घेणं त्याला परवडत नाही.

त्यानंतर मी स्केच बदललं. रेघेची जाडी रकमेवरून काढून टाकली आणि आई त्या माणसाबद्दल किती बोलली, त्यावर ठेवली. हे मोजमाप कुठल्याही शास्त्रात बसणार नाही. पाट्यावर बसलेल्या बायकांचे अकरा ठिपके मध्याशी येऊन बसले.

शेवटी एक प्रश्न उरला होता. वहीतली निम्मी माणसं आता नाहीत. त्यांचे ठिपके ठेवायचे की काढायचे? ठिपका काढणं ही प्रोग्रॅममधली एक ओळ आहे. मी आईच्या आत्याचा ठिपका काढून पाहिला. ती मनोरीची, वर्सोव्याला दिलेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिला बांधलेल्या स्प्रिंगा सुटल्या, आणि मनोरीचा झुबका एका बाजूला, वर्सोव्याचा दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही हळूहळू एकमेकांपासून दूर सरकू लागले. मध्ये मोठी कोरी जागा पडली.

"असंच झालं," आई म्हणाली. "ती गेल्यावर वर्सोव्याचं येणंजाणंच राहिलं नाही."

मी ती ओळ पुसली आणि स्केच पुन्हा सुरू केलं. आत्याचा ठिपका जागेवर आला. दोन्ही झुबके थरथरले, वळले आणि एकमेकांकडे सरकू लागले. आई ते पुन्हा जवळ येईपर्यंत बघत बसली. मग तिने फोन मागितला आणि वर्सोव्याचा नंबर कोणाकडे मिळेल, असं विचारलं.